वाढत्या अंगाची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मोठ्या माणसांची नव्हे, लहान मुलीची. माझी चाकं वीस इंची. मुळात मी निळी होते. आता तो निळा रंग सीटखालच्या नळीवर तेवढा नीट दिसतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. नळ्या जोडल्या, रंग दिला, खोक्यात घातलं. हँडल आडवं करून खोक्यात पडलेली सायकल काही सायकल नसते. दुकानदारानं माझ्या तारा आवळून चाकं सरळ फिरवली, तेव्हा मी सायकल झाले.

मला घ्यायला आले ते शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बरोबर त्यांची सहा वर्षांची मुलगी होती. तिला ते बटण म्हणत. दुकानदारानं तिला आधी सोळा इंची लाल सायकलीवर बसवलं. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि ती हसली. मग मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, लेकीच्या पायाची उंची घेतली, दुकानातल्या सगळ्या सीटा मोजल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

मास्तरांची एक रीत होती. मुलांचा कुठलाही कपडा ते वाढत्या अंगाचा शिवत. शिवणीत जादा कापड, खाली चार बोटं दुमड. दोन वर्षांनी दुमड उसवली की कपडा पुन्हा अंगाला येई. बटणचे सगळे फ्रॉक पोटऱ्यांवर लोंबायचे ते त्यामुळेच.

दुकानदार म्हणाला, "मास्तर, सायकल वाढत्या अंगाची घेत नाहीत. टाचा टेकल्या पाहिजेत."

"पोर काय एवढीच राहणार आहे?" मास्तर म्हणाले.

सीट अगदी खाली बसवली तरी बटणच्या पायांचे अंगठे तेवढे जमिनीला लागले. आवडली का, असं तिला विचारलं. तिनं लाल सायकलीकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

रोज सकाळी आपलं शिवणाचं दुकान उघडण्याआधी मास्तर माझं कॅरियर धरून गल्लीतून पळत. हात सोडला की मी कलंडत असे. तोल जाताना बटणचे पाय जमीन शोधत आणि ती त्यांना सापडत नसे. चौथ्या दिवशी तिची हनुवटी फुटली. दोन टाके पडले. डॉक्टरांनी ते जरा लांब घातलेत, असं मास्तर घरी आल्यावर म्हणाले.

त्यानंतर सकाळ झाली की बटणचं पोट दुखू लागलं. कधी अभ्यास राहिलेला असे, कधी चपलेचा बंद तुटलेला असे. पोर भित्री निघाली, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगू लागले. बटण आत बसून चिंध्या वेगळ्या करत असे. तिला ते स्वच्छ ऐकू येई. तिचा हात थांबायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. मी दाराशी उभी होते. मला दोघंही दिसत.

असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा बटणची आई काजं करत होती. तिनं दोरा दातांनी तोडला. "अहो, ती सायकलीला भीत नाही. तिचे पाय पोचत नाहीत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही."

आता एक सांगायला हवं. आपलं माप चुकलं, असं मास्तरांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सदरा घट्ट झाला तर हल्ली जेवण वाढलंय का, असं ते गिऱ्हाइकालाच विचारत. त्या दिवशी त्यांनी मशीन थांबवलं. बटणला हाक मारली, दुकानातच माझ्यावर बसवलं आणि स्वतः उकिडवे बसून खाली वाकून पाहिलं. टाच आणि फरशी यांच्यामध्ये त्यांनी हात घातला. आख्खा तळवा उभा मावला.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. त्याच्यादेखत ते म्हणाले, "माप माझं चुकलं, बटण. तू नाही चुकलीस."

बटणनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच आधारानं खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी एक जुनी सोळा इंची सायकल घरात आली. चार दिवसांत बटण ती चालवू लागली. मी कोपऱ्यातून तिची घंटा ऐकत असे. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दोन वर्षांनी एका सकाळी बटणनं मला बाहेर काढलं, दोन्ही टाचा टेकवल्या आणि कुणालाही न बोलावता निघाली. पुढची चार वर्षं मी शाळा पाहिली, वाचनालय पाहिलं, शिवलेले कपडे घरोघर पोचवले. मग तिचे गुडघे हँडलला लागू लागले आणि मी पुन्हा कोपऱ्यात गेले, कागदी नमुन्यांच्या गुंडाळ्यांमागे.

मास्तर गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी बटण दुकान आवरायला आली. आता तिच्या केसांत एखाददुसरा पांढरा आहे. गुंडाळ्या बाजूला करून तिनं मला ओढलं. टायर चपटे झाले असतील या हिशोबानं तिनं मला उचलायलाच हात घातला होता. मी सरळ चालत बाहेर आले.

तिनं पुढचा टायर दाबला. थोडा नरम होता, एवढंच. मग मागचा दाबला. लहान ट्यूबमधली हवा महिन्या-दीड महिन्यात उतरते, हे तिला ठाऊक होतं. माझ्यावर कुणी बसलं त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

ती मशीनपुढच्या मास्तरांच्या स्टुलावर बसली आणि तिनं बोटांवर आठवडे मोजले. मग उठली. पंप मशीनमागेच होता. तिनं दोन्ही चाकांत हवा भरली.

मित्रांनो, सायकल घ्याल ती आजच्या पायांची घ्या. पाय पोचत नसतील तर तसं सांगा. सांगितल्यानं घरची माणसं मोडत नाहीत. आणि कोपऱ्यातल्या सायकलीला विसरू नका. हवा गेली की सगळा भार रबरावर येतो, टायरला भेगा पडतात आणि मग त्यात कितीही हवा भरली तरी टिकत नाही. महिन्यातून एकदा पंप मारत जा. कुणी बसणार नसलं तरी.