खोलीला हिवताप

सकाळी वायरमनने लग्नाचं विचारलं, ड्रॉइंगवालीने हो म्हटलं आणि ऑफिसभर बोभाटा झाला. तिचे पाय काही जमिनीवर ठरेनात. त्याच तंद्रीत तिने थर्मोस्टॅटची वायर हीटरला जोडलेली दाखवली, कूलरलाही तीच दाखवली आणि ड्रॉइंग साइटवर धाडून दिलं.

दुपारी साहेब कपाळाला हात लावून आले. "अगं बाई, दोन्ही एकदम सुरू झालेत! खोलीला हिवताप भरलाय!"

तिने जीभ चावली. "पण वायरमनच्या लक्षात नाही आलं?"

"त्याच्या? वर मलाच सांगतो, तिने काढलंय म्हणजे बरोबरच असणार!"

ती खुदकन हसली.

"हसतेस काय? लग्न लवकर उरका," साहेब म्हणाले. "मग तरी तो तुझ्या चुका काढेल!"