फागूच्या हातांचा रंग

“कुसुमबाय, आज मूठभर नेते हां,” असं म्हणत गौराने चाळणीखालचा काळा भुगा पदराच्या टोकात बांधलासुद्धा. विचारते कसली, सांगते! मी म्हटलं, ने बाई, पण दात घासायला हवा असेल तर घरची राखुंडी काय वाईट आहे? ती हसली नाही.

जव्हारच्या आमच्या कॉलेजात मी रसायनाच्या लॅबची बाई. काचा धुवायच्या आणि पोरांनी काय फोडलं ते बघायचं, हे माझं काम. योगिता मॅडमनी कारखान्यांतलं रंगीत पाणी स्वच्छ करायचं संशोधन काढलं, तेव्हा भाताच्या तुसाचा कोळसा करायला कोणीतरी हवं होतं. मीच जवळच्या पाड्यावरून गौराला आणलं. झाकणबंद डब्यात तूस भरून धगीवर ठेवायचं. हवा शिरली की कोळशाऐवजी राख हाती येते. मग कुटा, चाळा, धुवा, वाळवा. गौराचा हात चांगला होता, डबा उतरवायची वेळ ती वासावरून ओळखायची.

पहिल्यांदा मॅडमनी तिच्यासमोर निळ्या पाण्यात तो भुगा टाकला, बराच वेळ हलवला आणि गाळला. खाली आलं नितळ पाणी. रंग गेला कुठे, असं गौराने विचारलं. कुठे जात नाही, कोळसा त्याला धरून ठेवतो, असं मॅडम म्हणाल्या. गौरा त्या पाण्याकडे बघतच राहिली.

त्या दिवसापासून हिचं मूठभर नेणं सुरू झालं. कारण तिचा नवरा, फागू. आमच्या भागातला माणूस पोटासाठी बाहेर पडला तर मजुरीला गेला म्हणत नाहीत, जगायला गेला म्हणतात. फागू भिवंडीकडे कापड रंगवायच्या कारखान्यात जगायला गेला होता. होळीला घरी यायचा तो कोपरापर्यंत निळा, नाहीतर लाल. होळीआधीच खेळून आलास का रे, असं पाड्यावरची माणसं चिडवायची. बिचारा भाकरी खातानाही हात लपवायचा.

मग एका होळीला तो आलाच नाही. पुढच्या होळीलाही नाही. फोन लागेना. हातांच्या लाजेनेच येत नाही, असं गौराने मनाशी धरलं होतं. हात साफ झाले की इथेच राहील. वेडी कुठली! मी तिला समजावलं, अगं, पाण्याचा रंग निघतो, कातडीचा नाही. तर मलाच म्हणते, “कातडीत पानीच नं? घाम येतो तो कुठून येतो?”

कपाळ माझं! मॅडमनीही सांगून पाहिलं, पण ही ऐकेल तर शपथ. घरी भुग्याचं गाडगं भरत आलं होतं. तिचं मला फार वाईट वाटायचं आणि खरं सांगू, थोडा हेवाही वाटायचा. आमचे हे रोज दिवेलागणीला घरी येतात. कोणाची एवढी वाट बघायची पाळीच माझ्यावर आली नाही.

यंदा होळीच्या तोंडावर फागू आला. लॅबच्या मागे गौरा कोळसा धूत बसली होती, तिथे येऊन उभा राहिला. आईला भेटून आलो, म्हणाला. गौरा उठली. तिने त्याची दोन्ही मनगटं धरली आणि त्याला नळाशी नेलं. भुगा घ्यायला वाकणार, तोच थांबली. हात स्वच्छ होते. नखांच्या कडांनासुद्धा रंग नव्हता. तिने ते उलटे करून पाहिले, परत सुलटे केले.

“रंगाचा काम कदी सोडलास?”

“झाली दोन वर्सां.”

मग खाली बघत त्याने सगळं सांगितलं. वसईकडे एका वाडीत कामाला आहे. तिथेच घर केलंय, घरात बाई आहे, मुलगी झालीय. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो, म्हणाला. मला वाटलं, आता ही त्याच्या झिंज्या उपटणार. मी असते तर उपटल्या असत्या.

गौरा म्हणाली, “जगाय गेलास, जगलास. बरा झाला.”

आणि तिने मनगटं सोडली. तिच्या ओल्या बोटांचे काळे ठसे त्यावर उमटले होते. फागूने नळाखाली हात चोळले, पँटला पुसले आणि गाडी चुकेल म्हणत फाटकाकडे निघाला. तो वळणाआड गेला तरी गौरा नळाशीच उभी होती.

“कुसुमबाय,” ती म्हणाली, “माझा रंग बघ, एका पान्यात निघाला.”

पाणी वाहतच होतं. मी नळ बंद केला आणि तिच्याजवळ कोळसा धुवायला बसले.