ताईचा एक तास

मित्रांनो, मी एक जुना सत्तूर आहे. जरा लांबूनच ऐका, कारण माझी धार अजून गेलेली नाही आणि स्वभावही तापटच आहे. माझा जन्मच मुळी मारहाणीत झाला. लोहाराने मला लालबुंद होईपर्यंत भट्टीत तापवलं, घणाखाली बदड बदड बदडलं आणि वर थंड पाण्यात बुडवलं. इतकं सोसल्यावर माझ्याकडून कुणी गोड बोलण्याची अपेक्षा करू नये!

मला एका खाटकाने विकत घेतलं. तो वारल्यावर दुकान त्याच्या दोन मुलांकडे आलं. थोरली ताई मांस तोडायची आणि धाकटा भाऊ पुढे बसून पुडकी बांधायचा. ताईचा हात काय सांगू! एका घावात मांडीचं हाड दोन तुकडे. रक्त उडायचं, हाडांच्या कपच्या भिंतीवर आपटायच्या आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "हात असावा तर असा!" मी नुसता फुगून जायचो.

पण ताईला लिहायचं वेड होतं. दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक तुरळक असे. तेवढ्यात ती मला ओंडक्यात खचकन रोवायची, हात धुवायची आणि पुडक्यांच्या कोऱ्या कागदांवर आपल्या वडिलांची गोष्ट लिहायची. मला भारी राग यायचा. मी इथे ताटकळत उभा आणि ही पेन्सिल चावत बसलीय! भावालाही ते खपत नसे.

"ताई, किलोभर खिमा! ताई, फोन! अहो लेखिकाबाई, कोंबड्या सोलायला आता आपला बाप वरून येणार का?"

"अरे, एक तास दे मला. बाकीचे तेवीस तुझेच आहेत."

तो खो खो हसायचा. एक ओळ पुरी होत नाही तोच पुढची हाक.

असं करत करत तीन वर्षांत बावीस पानं झाली. ती तिने ओंडक्याखालच्या फळीवर ठेवली होती. एके दिवशी दुकानात झुंबड उडाली. ताई मागच्या खोलीत बकरं सोलत होती आणि पुढे कागद संपले. भावाने फळीवर हात घातला, सापडला तो गठ्ठा ओढला आणि कलेजी, मुंडी, जे येईल ते त्यात बांधून दिलं. कागद उलटून पाहिलासुद्धा नाही. गर्दी ओसरल्यावर ताईने फळी चाचपली.

"माझी पानं कुठायत?"

"ती रद्दी होय? गेली की! पुन्हा लिही. तुला काय, बसल्या बसल्या होतं."

ताईने डाव्या हाताने त्याचं मनगट ओंडक्यावर दाबलं आणि उजव्या हाताने मला उपटलं.

"अंगठा दे तुझा!" ती ओरडली. "तोही उगवेल पुन्हा, बसल्या बसल्या!"

"ताई, नको! पाया पडतो तुझ्या!"

मित्रांनो, मी हजारो माना तोडल्या आहेत, पण माणसावर उगारला गेलो तो त्याच दिवशी. खरं सांगतो, मी भ्यालो. एकदा वर गेलो की खाली यायचंच, थांबणं माझ्या हातात नसतं. शेवटच्या क्षणी ताईने मला वळवलं. भावाचा अंगठा वाचला. पण त्याला दाबून धरणाऱ्या तिच्याच हाताची करंगळी तुटून ओंडक्यावर पडली.

भाऊ ढसाढसा रडला. त्यानेच ती करंगळी फडक्यात गुंडाळली आणि ताईला घेऊन दवाखान्यात धावला. करंगळी काही जोडली गेली नाही.

दोन महिने मी भावाच्या हाती होतो. त्याला कुठलं जमतंय! मी हाडावरून घसरायचो, त्याच्या बोटांना चावायचो, गिऱ्हाईक शिव्या घालायचं. मागे स्टुलावर बसून ताई पहिल्यापासून लिहीत असे. कुणी विचारलं, "ताई कुठंय?" तर तोच डोळे वटारायचा, "कामात आहे ती." गोष्ट पुरी झाली. पहिलं पान मात्र पहिल्यासारखं उतरलं नाही, असं ती अजून म्हणते.

आता ती पुन्हा मला चालवते आणि दोन वाजले की भाऊ स्वतः शटर ओढतो. मित्रांनो, तुमच्याही घरात लिहायला कुणी तासभर मागत असेल. आई असेल, काका असेल. हसू नका, देऊन टाका. आमच्या ताईनेही फक्त तासच मागितला होता. तिचं बोट गेलं, तेव्हा कुठे आम्ही तो दिला.