विलाउर्साच्या सर्कलमधला चुकीचा जिना

माझी थोरली बहीण दोरिंदा सांतियागोच्या विद्यापीठात कॉम्प्युटरवर प्रायॉनचे आकार काढते. प्रायॉन म्हणजे घडी बिघडलेलं प्रोटीन. ते शेजारच्या धडधाकट प्रोटीनला चिकटतं, त्यालाही आपल्यासारखं वाकडं करतं, आणि एकाला एक लागून मेंदूत धागे तयार होतात. गाईंना वेड लागायचं ते यानंच. त्या साथीत आमच्या विलाउर्सातले गोठेच्या गोठे मारून जाळले गेले, त्यामुळे एवढं शास्त्र गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तो धागा आतून कसा असतो, हे मात्र तेव्हा कुणालाच नीट दिसलं नव्हतं. ताईचं गणित म्हणायचं, गोल जिन्यासारखा. ती त्या जिन्याच्या इतकी नादी लागली होती, की नवरा बॅग भरून निघाला तेव्हा म्हणाली, "एवढं गणित संपू दे, मग बोलू." गणित संपलं तेव्हा तो पोर्तुगालात पोचला होता.

शेजारच्या गावानं आपल्या सर्कलमध्ये सिमेंटचा ऑक्टोपस बसवला, तेव्हापासून आमचे नगराध्यक्ष बाल्बिनो बेचैन होते. माझ्या बारमध्ये वाइनचा पेला फिरवत म्हणाले, "अमारो, आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे तरी काय?"

"ताईचा जिना आहे की," मी थट्टेनं म्हणालो.

वर्षाच्या आत बारसमोरच्या सर्कलमध्ये तीन मजली उंचीचा पोलादी जिना उभा राहिला. गायता, म्हणजे आमच्याकडच्या पिशवीवाल्या सनया, वाजल्या, भाषणं झाली. ताई इतकी रडली की फीत बाल्बिनोंनीच कापली.

मग काही वर्षांनी कुणीतरी खरा धागा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला. ताई सकाळीच बारमध्ये आली. काउंटरवर धिरड्यांसारख्या फिलोआंची चळत होती, नुकतीच तव्यावरून काढलेली, पातळ, एकावर एक. तिनं तिकडे बोट दाखवलं.

"असा आहे तो. चपट्यावर चपटं. जिना नाहीच."

"मग आता?"

"मग तो पाडायचा."

बाल्बिनोंना आधी कळेचना. "चुकला म्हणजे? कलला का?"

"कलला नाही हो. असली वस्तू जगात नाहीच!"

"बाई, त्यांच्या ऑक्टोपसला सातच पाय आहेत. कुणी तक्रार केली?"

ताईनं हट्ट सोडला नाही, म्हणून बाल्बिनोंनी गावाची सभा बोलावली. सगळा गाव लोटला. ताईनं पडद्यावर दोन्ही आकार दाखवले आणि हात जोडून म्हणाली, "माझी चूक आहे. कृपा करून तोडा."

एर्मितास उठली. तिच्या गोठ्यातलं त्या साथीत एकही जनावर उरलं नव्हतं. "दोरिंदा, एक सांग. तो चपटा मेंदूत गेला तर माणूस मरतं?"

"हो."

"आणि हा जिना गेला तर?"

"अगं, तो जाईल कसा? तो नाहीच मुळी. त्यानं कुणाला काय होणार?"

"म्हणजे आपल्या दारात आहे तो निरुपद्रवी," एर्मितास सभेकडे वळली. "आणि ही म्हणते, हाच पाडा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई ओरडत राहिली, "असा अर्थ होत नाही त्याचा!" पण हात वर झाले होते. विरोधात एकटी ताई, आणि तिला तर मतही नव्हतं, कारण तिचं नाव सांतियागोच्या यादीत.

पुढच्याच रविवारी एर्मितासनं आपली नवी गाय जिन्याभोवती फिरवली. त्यानंतरच्या रविवारी सगळेच आले. पोलिसानं एवढंच बजावलं, की गाई वाहतुकीच्या दिशेनंच फिरल्या पाहिजेत. ताईनं स्वतःच्या हातानं पाटी लावली: "हा आकार चूक आहे." लोक त्या पाटीलाही हात लावून पुढे जाऊ लागले.

शेवटी तिनं तोड काढली. निदान वेशीवर खरा धागा उभारू या. बाल्बिनोंचा चेहरा पांढराफटक पडला. "तो रोगाचा? गावात? बाई, तुम्ही आमच्यातल्याच ना?"

त्या दिवशी ताई जेवायलाही न थांबता सरळ सांतियागोला गेली.

सान रोकेच्या जत्रेला मात्र आली. सर्कलभोवती गाईंची रांग लागली होती, मागे ट्रकवाले हॉर्न बडवत होते. एर्मितासचा गुडघा सुजलेला. ती कठड्यावर बसून गाईकडे नुसती बघत होती. ताई तिच्यापाशी गेली. काय बोलणं झालं ते हॉर्नमध्ये मला ऐकू आलं नाही. मग ताईनं दोर हातात घेतला.

"हे विज्ञान नाही," ती जाताना मला म्हणाली.

"नाही गं, ताई."

"मी फक्त गाय धरतेय."

तिनं गाय फिरवून आणली. गाय मध्येच थांबली, ताईची बाही चाटू लागली. ताई थांबून राहिली, ट्रकवाल्यांनी कितीही बोंब मारली तरी.