हंड्याआडचा राऊटर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. रंग मूळचा पांढरा, आता पिवळट पडलो आहे. डोक्यावर दोन काड्या आहेत, त्यांतली एक सदा मान टाकून असते. सध्या मी दुरुस्तीच्या दुकानातल्या फळीवर बसलो आहे. डावीकडे एक मुका रेडिओ, उजवीकडे पाती नसलेला पंखा. संगत चांगली आहे. अशा निवांतपणी माणसांना देव आठवतो. मला देवही आठवतो आणि आजोबाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखे कितीतरी भाऊ पट्ट्यावरून सरकत होते. एका बाईंनी मला उचलले, दिवे लावून पाहिले, "हा ठीक आहे," म्हणाल्या आणि खोक्यात ठेवले. एवढाच आशीर्वाद घेऊन मी जगात आलो. पण तो पुरला हो!

ज्या घरी मी गेलो ते तिसऱ्या मजल्यावर होते. घरात आजोबा, आजी आणि सूनबाई. मुलगा कामासाठी दूर असे. आजोबा शिंपी. यंत्रावर पाय चालायचा तसा त्यांचा गळाही चालायचा. देवाची पदे गात गात त्यांनी गावभरचे कपडे शिवले. मग एके दिवशी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात दुबळा झाला आणि बोलणे गेले. मनात शब्द असत, ओठांपर्यंत येत आणि तिथेच अडत. दिवसभर पदे गाणारा माणूस "पाणी" म्हणायलाही महाग झाला.

त्यांना बोलायला शिकवू शकतील अशा एक बाई होत्या, पण त्या दुसऱ्या शहरात. आजोबांना जिना उतरवत नव्हता. त्या बाई संगणकाच्या पडद्यावरून शिकवायला तयार झाल्या, आणि म्हणून सूनबाईंनी घरात इंटरनेट घेतले. बघा मित्रांनो, कुणाच्या दुःखातून कुणाला सेवेची संधी मिळते! मी त्या घरात आलो तो असा.

जोडणीवाला हसतमुख होता. त्याने खिडकीच्या चौकटीला बारीक भोक पाडले, तार आत घेतली, भिंतीच्या कडेने खिळे ठोकत आणली आणि मला बैठकीतल्या फळीवर बसवले. समोरच आजोबांच्या खोलीचे दार होते.

"एवढासा हा?" आजी म्हणाली. "आणि याच्यातून त्या बाई येणार?"

"येणार तर! आणि चहासुद्धा मागणार नाहीत," जोडणीवाला म्हणाला. "आता पासवर्ड सांगा. कुणाला सांगायचा नाही असा एखादा शब्द."

"मग देवाचं नाव नको. ते लपवून ठेवायचं नसतं."

सूनबाईंनी हसत काहीतरी टाइप केले. काय ते मी आजही सांगणार नाही. धर्म तो धर्म. माझे दिवे हिरवे झाले. आजीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दचकली.

"अगं बाई, हा तर तापलाय!"

"काम करताना थोडा गरम होतोच, आजी. हवा लागू द्या, गार राहू द्या, म्हणजे झालं."

पहिला धडा मी कधी विसरणार नाही. बाईंचा चेहरा पडद्यावर आला. त्या म्हणाल्या, "आजोबा, बोलणं अडलं तरी गाणं कधी कधी अडत नाही. तुमचं आवडतं पद म्हणा बघू." आजोबांनी डोळे मिटले. आणि काय सांगू, त्या अडलेल्या ओठांतून पदाची अख्खी ओळ बाहेर पडली! आजीने तोंडाला पदर लावला. सूनबाई दारातच खाली बसल्या. तो सूर माझ्यातून गेला, तारेतून गेला, दुसऱ्या शहरी पोहोचला. निर्जीव डब्याचे याहून मोठे भाग्य ते काय?

बाई म्हणाल्या, "आता हीच चाल ठेवायची आणि तिच्यात आपलं बोलणं घालायचं. वेळ लागेल, पण जमेल."

पण आजीच्या मनात माझा ताप घर करून बसला होता. दुसऱ्या दिवशी तिने पितळेचा मोठा हंडा गार पाण्याने काठोकाठ भरला आणि माझ्या पुढ्यात, अगदी खेटून ठेवला. "घे बाबा, गारव्याला बस," म्हणाली. मित्रांनो, माया खरी होती. पण पितळ आणि पाणी माझ्या लहरींना अडवतात. आजोबांची खोली हंड्याच्या बरोबर पलीकडे. धडा सुरू झाला की बाईंचे तोंड उघडे ते उघडेच राही, आवाज तुकड्यातुकड्यांनी येई.

चित्र अडकले की आजी म्हणे, "दमला गं बाई, पाणी बदलायला हवं." हंडा उचलून ती मोरीत नेई. तेवढ्यात वाट मोकळी होई आणि बाई भराभर बोलू लागत. "बघा!" आजी तिकडूनच ओरडे, "गार पाण्याचा गुण!" भरलेला हंडा परत येई आणि बाई पुन्हा दगडासारख्या.

सूनबाई त्या वेळी कामावर असत. संध्याकाळी त्यांना फक्त आजीचे रडगाणे ऐकू येई. हे सारे पाहत होते ते एकटे आजोबा. पलंगावरून त्यांना हंडा दिसत असे, त्यामागून डोकावणाऱ्या माझ्या काड्याही दिसत असत. त्यांना सगळे उमगले होते. ते डाव्या हाताने हंड्याकडे बोट दाखवत. आजी त्यातलेच पाणी पेल्यात ओतून आणी. ते मान हलवत. "गार आहे हो, प्या!" ते पेला ढकलत. "बघा, चिडचिड किती वाढलीये!" शेवटी ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. धड्याला उठेनासे झाले.

सूनबाईंनी कंपनीला फोन केला. लाइन ठीक आहे, असे उत्तर आले. त्या कंटाळल्या. "आई, बंद करून टाकू हे. बाबांना उगीच त्रास. बोलणं येत नाही तर नाही, आहेत ते आपल्याजवळ आहेत."

जोडणीवाला मला परत न्यायला आला. मी मनात देवाला म्हटले, माझे काही नाही, पण म्हाताऱ्याचे शब्द माझ्याबरोबर जातील. त्याचा हात माझ्या तारेपर्यंत आला, आणि आतून सूर उठला. चाल त्याच पदाची होती. शब्द मात्र पदातले नव्हते.

"हं...डा... हंडा बाजूला... हंडा बाजूला कर गं!"

आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "अहो, पुन्हा म्हणा!"

आजोबांनी पुन्हा गायले, आता चांगलेच रागावून.

"ऐकलंस?" आजी सुनेला म्हणाली. "इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते हंड्यासाठी! माझी विचारपूस नाही!"

"आई, आधी हंडा काढा हो!" सूनबाई हसत रडत म्हणाल्या.

हंडा निघाला. जोडणीवाल्याने कपाळावर हात मारला. "आजी, मी गार ठेवा म्हणालो होतो, आंघोळीला बसवा नव्हतो म्हणालो." सूनबाईंनी लगेच बाईंना फोन लावला. बाई पडद्यावर आल्या, न अडखळता आल्या, आणि घडलेले ऐकून त्याही डोळे पुसू लागल्या. "आजोबा, हे तुमचं स्वतःचं पहिलं वाक्य!"

पुढे मी त्या घरात खूप राबलो. आजोबा आधी गाऊन मागत, मग अर्धे गाऊन, मग नुसते गुणगुणून. आजी खोडी काढी, "भाजीत मीठ कमी असलं तरी सुरात सांगतात!" माझी चूक नसताना मला कितीदा बंद-चालू केले गेले, माझ्यावर धूळ साचली, माझी एक काडी लचकली. तक्रार नाही. ज्या घराने एवढे गाणे ऐकवले, त्या घराचे मी काय देणे फेडणार?

मग नवा, जास्त ताकदीचा राऊटर आला. तोच जोडणीवाला मला दुरुस्तीच्या दुकानात द्यायला पिशवीत घालत होता. आजोबा काठी टेकत बैठकीत आले. त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली नाही. नुसतेच बोलले, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे.

"थांब. त्याला... पुसून... ने."

आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी स्वतःच मला पुसले. त्याच दुबळ्या उजव्या हाताने.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. आम्हा यंत्रांना उंच, मोकळी, कोरडी जागा द्या. जुने झालो की कचऱ्यात फेकू नका. आमच्यातले काहीतरी कुणाच्यातरी कामाला येते. आणि घरात कुणाचे शब्द अडत असतील, तर घाईने त्यांच्या तोंडी पेला लावू नका. जवळ बसा. त्यांचे बोट कुठे जाते आहे ते जरा वळून बघा.