अंग सोडायचं नाटक

झटका आल्यापासून माझा डावा हात आणि डावा पाय संपावर आहेत. मागण्या काय आहेत ते सांगत नाहीत, नुसते बसून आहेत.

मोठ्या हॉस्पिटलातून मला ह्या वॉर्डात आणून टाकलं. इथे गोळ्या कमी आणि व्यायाम जास्त. म्हातारी-कोतारी माणसं इथे नव्याने शिकतात. बसायला, उभं राहायला, शर्टाची बटणं लावायला. माझ्या शेजारच्या खाटेवर एक रिटायर हेडमास्तर आहेत. बोटांना वळण लागावं म्हणून त्यांना एका वाटीतले वाटाणे चिमटीने दुसऱ्या वाटीत टाकायला देतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यातला एक वाटाणा पळवला. मास्तर उशी झटकून झटकून दमले. तिसऱ्या दिवशी वाटाणा त्यांच्या चष्म्याच्या डबीत निघाला.

"नालायक आहेस," मास्तर म्हणाले.

"सर, तुमच्या शाळेत नव्हतो, म्हणून वाचलात."

धंदा माझा किल्ल्या बनवायचा. लोकांची कुलपं उघडायची आणि उरलेल्या वेळात लोकांची फिरकी घ्यायची, असं आयुष्य गेलं. माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काहीही सांगा, तो "खरंच?" विचारतो, म्हणून त्याचं नावच मी खरंच ठेवलं. एकदा आवाज बदलून त्याला फोन केला, वीजखात्यातून बोलतोय म्हटलं, लाइन तपासायची आहे, जरा गच्चीवर जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहा. राहिला. खालून अख्खी गल्ली बघत होती. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण मधेच भाजी चिरताना तिलाही हसू फुटलं. एवढं हसू मिळालं की मला बास असायचं.

तर मुद्दा असा. डॉक्टरांनी मला आणि बायकोला बोलावून सांगितलं की मी इथून आता घरी जाऊ शकतो, पण एका अटीवर. मला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात नीट हलवता येईल असं घरातलं एक माणूस तयार झालं पाहिजे. आणि तयार झालंय हे फिजिओ मॅडमनी बघून सांगायचं. नाही जमलं तर मग पलीकडची इमारत. तिथे माणसं कायमची राहतात. आमच्या खिडकीतून दिसते ती. दुपारी तिथल्या लोकांना व्हरांड्यात ओळीने खुर्च्यांवर बसवतात आणि ते गेटकडे बघत बसतात. त्या इमारतीवर मी वॉर्डात इतके विनोद केले की मला तिची किती भीती वाटते ते कुणाला कळलं नाही.

घरात आम्ही दोघंच. म्हणजे माणूस कोण, तर बायको. ती माझ्या खांद्याला लागते. पण तिने मनावर घेतलं. घरी रोज संध्याकाळी खरंचला खुर्चीत बसवून त्याला उचलायचा सराव करायला लागली. खरंच मला भेटायला आला की तक्रार करायचा, "भाऊजी, ताई मला बटाट्याच्या पोत्यासारखं उचलते. माझे दोन्ही पाय चांगले आहेत म्हटलं तरी ऐकत नाही."

परीक्षेच्या दिवशी ती केस घट्ट बांधून, बांगड्या काढून आली. व्यायामाची खोली भरलेली होती. मास्तर होते, कुबड्यांवरचा एक ड्रायव्हर होता, कुणाकुणाचे नातेवाईक होते. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "काकू, आता मी हात लावणार नाही. फक्त मागे उभी राहते. तुम्ही करा."

बायकोने सगळं बरोबर केलं. खुर्चीचे ब्रेक लावले. माझ्या कमरेला पट्टा बांधला. मला खाटेच्या कडेला सरकवलं, माझा संपावरचा गुडघा स्वतःच्या दोन गुडघ्यांत धरला. मग माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, पुढे वाका. नाक पायाच्या बोटांवर आणा. मी तीन म्हटलं की उठा."

तीन म्हटलं, मी उठलो. आणि माझा पायजमा खाली घसरला.

आत डायपर. लहान मुलाला बांधतात तसा. समोर सगळी खोली. ड्रायव्हरने पटकन दुसरीकडे बघितलं, आणि तेच मला झोंबलं. तो हसला असता तर चाललं असतं. लोकांनी मला बघून तोंड फिरवायचं म्हणजे काय? मी आयुष्यात जे करत आलो तेच केलं. लोकांनी डायपरकडे बघू नये म्हणून त्यांना दुसरं काहीतरी दाखवलं. डोळे वर फिरवले, जीभ बाहेर काढली, मान टाकली आणि अंग सोडून दिलं. एक क्षणभर. मग "भ्यॉक" करून परत उभं राहायचं आणि सगळ्यांनी हसायचं, असा बेत.

पण नाटक थांबवायला पाय लागतो. मी उजव्या पायाला हाक मारली तोपर्यंत डावा वाकून गेला होता आणि माझं सगळं धूड बायकोवर आलं होतं. मॅडमनी मागून पट्टा पकडला, पण धूड आवरलं नाही. बायकोनेही पट्टा सोडलाच नाही. सोडला असता तर ती बाजूला झाली असती. ती माझ्याखाली गेली.

मला काही झालं नाही. तिच्या मनगटाचं हाड मोडलं.

हसलं कुणीच नाही. मॅडम माझी नाडी बघत होत्या, कुणी पाणी आणायला धावलं, डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारली. "काका, अंधारी आली का? चक्कर आली का?" सगळ्यांना ते खरं वाटलं होतं. इतकी बेमालूम फिरकी मी जन्मात घेतली नव्हती. आणि बायको जमिनीवर मोडका हात पोटाशी धरून बसली होती आणि म्हणत होती, "माझी पकड सुटली. मॅडम, माझ्याच हातून सुटले हे."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हं, जरा अंधारीच आली."

पुढचे दिवस माझे फार छान गेले, म्हणजे सगळे माझ्याशी छान वागत होते. नर्स उशी सारखी करायची. मास्तरांनी त्यांच्या डब्यातली खारी बिस्किटं दिली. ती मी उशीखाली तशीच ठेवून दिली. बायको प्लास्टर घालून यायची, खाटेजवळ स्टुलावर बसायची आणि माझ्या नजरेला नजर द्यायची नाही. तिला वाटत होतं तिने मला पाडलं. मला वाटत होतं तिला कळलंय. दोघंही भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसायचो.

मग खरंच एकटा आला. ताईच्या जागी तो शिकणार होता, त्याला जमलं तर शनिवारी मला घरी सोडणार होते. मला पट्टा बांधताना त्याने तीनदा विचारलं, "भाऊजी, आवळलं नाही ना?" मी त्याच्या गच्चीचा विषय काढला, जरा हसवावं म्हणून. तो हसला नाही.

"ताई माझ्या घरी येऊन रडली," तो म्हणाला. "म्हणते, नवरा सांभाळता आला नाही. पलीकडच्या इमारतीत टाकलं तर ते माझ्यामुळे. भाऊजी, तुम्ही तिला काहीतरी बोला. तुमचं ऐकते ती."

त्याने मला उचललं. हळू, मॅडमनी सांगितलं तसं, माझा गुडघा स्वतःच्या गुडघ्यांत धरून. ह्या माणसाला मी गल्लीसमोर हात वर करायला लावले होते. त्याला माझी फिरकी घ्यायची असती तर हाच मोका होता. त्याने मला खुर्चीत ठेवलं आणि माझा लुळा हात उचलून नीट मांडीवर ठेवला.

"ताईला बोलव," मी म्हटलं. "मॅडमनाही."

बायको आली, मॅडम आल्या. मी म्हणालो, "तुझी पकड सुटली नव्हती. मी नाटक केलं. पायजमा घसरला, लाज वाटली, म्हणून मुद्दाम अंग सोडलं."

बायकोने मान हलवली. "माझं मन राखू नका."

"मन राखत नाहीये. खरं सांगतोय."

"तुम्ही कधी खरं सांगता का? मला बरं वाटावं म्हणून चाललंय हे. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, रक्तदाब पडला असेल."

मॅडमनी मला पळवाट काढून दिली. "काका, झटक्यानंतर माणूस उतावळा होतो कधीकधी. तुमचा तसा दोष नाही."

"झटक्याच्या आधीही मी असाच होतो," मी म्हटलं. "ह्याला विचारा."

बायको खाली बघत होती. तिला पटवायचा एकच मार्ग उरला होता. तो वापरायला मला जेवढी लाज वाटली तेवढी डायपरचीही वाटली नव्हती.

"इकडे बघ," मी म्हटलं. तिने वर पाहिलं. मी डोळे वर फिरवले, जीभ बाहेर काढली, मान टाकली. हुबेहूब तसंच. दुपारच्या उजेडात, खुर्चीत बसून, तिघांसमोर. कुणी हसलं नाही. मग मान सरळ केली.

बायकोने ते तोंड ओळखलं. मला शिवी चालली असती. तिने प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं एकदा उघडझाप करून बघितली आणि मॅडमकडे वळली.

"म्हणजे मी बरोबर करत होते," ती म्हणाली.

"अगदी बरोबर, काकू."

"मग हे ह्या शनिवारी घरी येणार नाहीत. माझा हात बरा होऊ दे. मग मीच येईन, मीच उचलीन. भावाला नाही शिकवायचं."

"ताई, मी करतो ना," खरंच म्हणाला.

"तुला टोपी घालतील हे. मला आता तोंड माहीत झालंय." मग माझ्याकडे वळली. "तोपर्यंत इथेच राहायचं. आणि परत असं केलंत तर मी पट्टा सोडून देईन. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो.

ती पिशवी उचलायला वाकली, चुकून प्लास्टरचा हात पुढे गेला, तोंड वाकडं झालं. मी हात पुढे केला. तिने पिशवी भावाच्या हातात दिली आणि दोघं निघून गेले. मॅडम ब्रेक बघायला वाकल्या.

"काका, पायजम्याला नाडीऐवजी इलास्टिक घालू या का?"

मी मान खालीच ठेवून हो म्हणालो.