अंजलीच्या नावावरची गाडी

सिद्धी नागपूरला आर्किटेक्चर शिकायला गेली, त्याला दीड महिना झाला होता. गाडीचा विमा संपत आला, तेव्हा पद्मनाभ देवधरांनी ते काम पहिल्यांदाच स्वतःच्या हातात घेतलं. आजवर सिद्धीच बघायची. बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये आता ते एकटेच होते. ऑफिसचं काम घरूनच चाले. एखाद्या दिवशी तर डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगण्यापुरतंच तोंड उघडायचं.

विम्याची एजंट शिवलीला बेळगावकडची. फोनवर मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं.

"मुलगी कॉलेजला परगावी असते," ते म्हणाले. "सुट्टीत येऊन तिनं गाडी चालवली, तर तिचं नाव वेगळं घालावं लागेल का?"

"नाही सर. विमा गाडीचा असतो. लायसन असलं की झालं. फक्त मालकाचा अपघात विमा वेगळा असतोय. मालक अंजली मॅडम की. त्यांना जरा फोन देता?"

"ती नाही आता. अडीच वर्षं झाली."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"सॉरी सर. पण मग मधल्या दोन पॉलिसी त्यांच्याच नावानं कशा निघाल्या? उद्या काही झालं तर कंपनी दावा नाकारेल. आधी गाडी तुमच्या नावावर करून घ्या. वारस म्हणून मुलीचं संमतीपत्र लागेल."

संध्याकाळी त्यांनी सिद्धीला फोन लावला. मागे हॉस्टेलच्या मेसमधला गलका होता.

"आईच्या नावानं पॉलिसी भरत होतीस?"

"हो." ती चालत कुठंतरी शांत जागी गेली असावी. "बाबा, बँक, गॅस, रेशन कार्ड, सगळीकडून तिचं नाव मीच काढलं. हे एक नाही काढवलं. दर सप्टेंबरला मेल यायचा, डिअर अंजली म्हणून. मी तो दोनतीनदा वाचायचे."

आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ती बोट ठेवील तिथे ते सही करत गेले होते. एकही कागद त्यांनी वाचला नव्हता.

"मला सांगायचंस."

"तू तिचा विषयच काढायचा नाहीस, बाबा."

"जेवलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

आठवड्यानं संमतीपत्र कुरियरनं आलं. आरटीओत दोन खेटे झाले. दुसऱ्या खेपेला कारकुनानं मृत्यूचा दाखला मागितला, तेव्हा तो त्यांनी आधी स्वतः वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग खिडकीतून आत सरकवला. नवी पॉलिसी पद्मनाभ देवधर या नावानं आली. वारस म्हणून सिद्धीचं नाव होतं.

दिवाळीत सिद्धी चार दिवसांसाठी आली. एका सकाळी तिनं गाडी काढली आणि दोघं मल्लेश्वरमला डोसा खायला गेले. रिंग रोडला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. तिथं पद्मनाभांनी आपणहून सांगायला सुरुवात केली, की अंजली पहिल्यांदा ही गाडी घेऊन निघाली तेव्हा हँडब्रेक काढायलाच विसरली होती, आणि जळका वास आला तर त्यांच्यावरच रागावली होती. सिद्धी हसता हसता रडायला लागली. मागचा हॉर्न वाजवत राहिला. मल्लेश्वरम येईपर्यंत ते बोलतच होते.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी तिला यशवंतपूर स्टेशनवर नागपूरच्या ट्रेनमध्ये बसवून दिलं.

"उन्हाळ्यात यायला नाही जमणार रे," ती खिडकीतून म्हणाली. "इंटर्नशिप आहे. घरी पोचलास की फोन कर."

परतायला दोन तास लागले. बेसमेंटमध्ये गाडी लावून त्यांनी तिथूनच फोन केला. तिचा फोन लागला नाही. रेंज नसेल. 'पोचलो' असा मेसेज टाकून, त्यापुढे एकच टिक दिसत असताना, ते बराच वेळ गाडीतच बसून राहिले.